मॉरिसच्या काचा मी बंद ठेवायला लावल्या

मी, बसंती हरिप्रसाद सखाराम, वय वर्षे एकोणसाठ, टॅक्सीवाले हरिप्रसाद यांची विधवा, राहणार कांप दे मास्क, जिल्हा फ्लाक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. डॉक्टर म्हणतात फुप्फुसात पाणी भरत चालले आहे, आणि चतुर्थी चार दिवसांवर आली आहे, म्हणून ही घाई. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. नोटरी म्हणाला, सगळे आपल्या हाताने लिहिले तर साक्षीदार लागत नाहीत. मला मात्र दोन हवेत.

हे कागद मालमत्तेसाठी नाहीत. मालमत्ता आहे तरी केवढी! माझी नणंद विद्यावती हिच्यावर मी सात वर्षांपूर्वी आळ घातला, तो मरायच्या आत उतरवायचा आहे. ह्या बेटावरच्या क्रेओल बोलीत सांगितले असते तर नवीनने भराभर लिहून घेतले असते. पण खोटे मी मराठीत बोलले होते, बैठकेत, जिथे आमची मराठी शाळा भरते आणि गणपती बसतो तिथे, सगळ्या बायकांपुढे. म्हणून खरेही मराठीतच. अक्षर वेडेवाकडे आहे, त्याला कृष्णदेव गुरुजींचा दोष नाही. चाळिशीत पाटी हातात धरलेल्या बाईला त्यांनी शिकवले, हेच पुष्कळ झाले.

कलम पहिले. दोन खोल्यांचे घर आणि मागची भाजीची जागा माझा मुलगा नवीन याला. स्वयंपाकघराचे छप्पर बदलतो म्हणून तू दोन पावसाळे मला झुलवलेस, बाबा. आता माझ्या मागे तरी बदल.

कलम दुसरे. शिलाई मशीन, पितळेची समई आणि माझे डूल सून इंद्राणी हिला. तिच्या हातचे मीठ नेहमी जास्त पडते, पण माझ्या पाठीला तेल लावणारी तीच. तिला कोणी काही बोलू नये.

कलम तिसरे. शेजारीण सत्यवती हिला पुढच्या खिडकीचा जाड पडदा. तिने तो आपल्या खिडकीला लावावा आणि जरा स्वतःच्या घरात बघावे. हिच्या नाकाची मला एवढी भीती नसती तर आज मी सधवा असते. हे लिहिले आणि लगेच लाज वाटली. नाक तिचे, पण भीती माझीच होती. पडदा तरीही तिलाच द्या.

कलम चौथे. गाडी. जुनी मॉरिस, जी नवीनच्या वडिलांनी बारा वर्षे सांत्र द फ्लाकच्या अड्ड्यावर चालवली आणि जिच्यातून दर चतुर्थीला आपल्या बैठकेचा गणपती आला, ती विद्यावतीला. तिला चालवता येत नाही. तिने विकावी नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळाव्यात, तिची मर्जी. नवीन, तोंड वाकडे करू नकोस. तुझ्या वडिलांची ती एकुलती एक बहीण आहे.

गाडी कशी धुवायची तेही इथेच लिहिते, आणि हे घरातल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी गाडी सावलीत घ्यावी, पत्रा गार होऊ द्यावा. नुसत्या पाण्याने माती सोडवावी, मग सौम्य साबण आणि मऊ फडके, वरून खाली. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा चोथा नको, त्याने रंगाचा मुलामा जातो. कारखान्याच्या रस्त्याचे डांबर चिकटले तर फडक्याला थेंबभर रॉकेल आणि लगेच साबणपाणी. काचेला पाण्यात थोडे विनेग, म्हणजे शिरका, चालते. आत रेक्झिनच्या गाद्यांना ओला, पिळलेला कपडा पुरे. वास बसला असेल तर खाण्याचा सोडा कोरडा भुरभुरावा, दिवसभर ठेवावा, झटकावा. आणि काहीही करा, चारही दरवाजे सताड उघडे हवेत. झावेल, म्हणजे कपडे पांढरे करायचे ब्लीच, गाडीत न्यायचे नाही. झावेल आणि ॲसिड, झावेल आणि विनेग, झावेल आणि अमोनिया एका बादलीत नाही, एका फडक्यावर नाही, एकामागून एक एकाच जागी नाही. नाही म्हणजे नाही!

काल दुपारी इंद्राणी मॉरिस धुवायला बसली होती, यंदा गणपती परत आपल्याच गाडीतून यायचा म्हणून. मी खिडकीतून पाहिले तर तिच्या गुडघ्याशी दोन बाटल्या, एक झावेलची आणि एक नहाणीच्या फरशीच्या ॲसिडची. मी हातातला तांब्या फेकून मारला. ती हसली, म्हणाली, “पा फेर नान्ये, मा!” म्हणजे काही होत नाही. आयो, देवा! मी ओरडत बाहेर धावले, श्वास पुरेना, अंगणातच कोसळले. पोरांना वाटले म्हातारीला चळ लागला. लागलेला नाही.

कलम पाचवे. सन १९७९, ऑगस्ट महिना, चतुर्थीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. विद्यावती तेव्हा समुद्राकाठी त्रू दो दूसला राहायची आणि फ्लाकच्या बाजारात मासळी विकायची. त्या सकाळी बस चुकली म्हणून भावाने तिला गाडीत घेतले. आमच्या घरात महिनाभर उपास, सुरीलासुद्धा मासळी लागलेली नाही, आणि हिच्या टोपलीतले पाणी मागच्या गादीवर सांडले. बहीण आहे, काय बोलणार? हे घरी आले आणि हळूच मला म्हणाले, “बसंती, उद्या इथंच गणपतीची मूर्ती बसायची आहे गं.”

मी भडकले. दोन तास साबण लावला तरी वास जाईना, निदान माझ्या नाकातून तरी. सोडा भुरभुरून संध्याकाळपर्यंत थांबले असते तर गेला असता, हे मला फार नंतर कळले. मी ह्यांना आत बसवून गादीवर आणि पायाखालच्या चटईवर झावेल ओतायला लावले. ह्यांनी काच खाली घेतली. मी म्हटले, “काचा बंद ठेवा! सत्यवती कुंपणाशी उभी आहे. गणपतीच्या गाडीत मासळी होती हे तिला कळलं तर उद्या गावभर होईल.” ह्यांनी काच वर घेतली. मग मी दार किलकिले करून ॲसिडची बाटली आत दिली. म्हटले, झावेलने नाही जात तर ह्याने जाईल. आणि दार मीच लावले.

ते खोकायला लागले. मी बाहेरून म्हटले, “अहो, थोडं सोसा, देवाचं काम आहे.” हे वाक्य मी म्हटले आहे. सात वर्षे ते माझ्या कानात आहे. ते दार ढकलून बाहेर पडले तेव्हा डोळे लाल झाले होते आणि घशातून शिट्टी वाजत होती. मी आत वाकून चटई ओढून काढली. माझ्या छातीला घरघर लागली ती तेव्हापासून.

संध्याकाळी इस्पितळात डॉक्टरांनी मला तीनदा विचारले, ह्यांच्या नाकातोंडात काय गेले? मी तीनदा म्हटले, काही नाही, सिगारेट ओढतात. झावेल म्हटले असते तर ते कशाला वापरले, असे त्यांनी विचारले असते, आणि मग मासळी निघाली असती. अशी मी बाई! तिसऱ्या दिवशी ते गेले. खरे बोलले असते तर वाचले असते का, हे मला कोणी सांगू शकत नाही, आणि मी कोणाला विचारलेही नाही.

तेराव्याला बैठकेत बायकांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, “नणंदेनं देवाच्या गाडीत मासळी सांडली. गणपती कोपला.” विद्या दारातच उभी होती. मी तिला म्हटले, माझा उंबरा चढू नकोस. त्यानंतर तिने मासळी सोडली आणि ऊस तोडायला गेली. विसर्जनाला ती सगळ्यांच्या मागे चालते, कोणी तिच्या हातचा प्रसाद घेत नाही. आणि मी पुढे आरतीचे ताट धरून!

कलम सहावे. पाचवे कलम चतुर्थीच्या आरतीआधी बैठकेत मोठ्याने वाचावे, एक शब्द न गाळता, मी जिवंत असले तरी आणि नसले तरी. वाचले नाही तर घर, मशीन, समई, डूल, सगळे बैठकेला जावे आणि नवीनला काही मिळू नये. देव कोपला नव्हता. त्याला कशाला मधे घालता? बायकोने नवऱ्याला झावेल आणि ॲसिडच्या विषारी हवेत कोंडले, एवढेच झाले. विद्या, मी तुझ्या पाया पडते, अगं ये एकदा.

पुरवणी, दिनांक ४ सप्टेंबर. नवीन आज सकाळी विद्याला घेऊन आला. खुर्ची दिली, ती बसली नाही. गुरुजींनी सगळे वाचून दाखवले. ती पदराशी चाळा करत ऐकत होती.

“म्हणजे माझ्या मासळीनं दादा नाही गेला?”

“नाही गं.”

“मी दर चतुर्थीला गणपतीपुढं नाक घासलं, वहिनी. मागच्या रांगेत उभी राहून. म्हटलं, माझा भाऊ खाल्ला मी.”

मी हात जोडले. माफ कर म्हटले. रडले, आता लाज कसली. ती जवळ आली नाही.

“डॉक्टर विचारत होता तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप होतं का?”

तिने गुरुजींकडे पेन मागितले. म्हणाली, सही करते, पण दोन ओळी माझ्या माझ्या लिहिते. त्या मी वाचलेल्या नाहीत. माझी सही मी आधीच केली आहे, म्हणून तिने जे लिहिले असेल ते मला मान्य आहे.

ठिकाण: कांप दे मास्क
दिनांक: ३ सप्टेंबर १९८६, पुरवणी ४ सप्टेंबर १९८६

सही: बसंती हरिप्रसाद सखाराम

साक्षीदार पहिला: कृष्णदेव, मराठी शिक्षक, बैठक, कांप दे मास्क

साक्षीदार दुसरी: विद्यावती, हरिप्रसादची बहीण. सगळं ऐकलं. तिनं हे लिहिलं एवढ्याला साक्ष. माफ केलं असं कोणी वाचू नये. दादाची गाडी ह्या चतुर्थीला मीच धुणार, साबणानं, चारही दरवाजे उघडे टाकून.