कोर, तारा आणि स्यू लिन

प्रिय मेधा,

आज दुपारी समोरच्या ब्लॉकमधली तुझी स्यू लिन येऊन गेली, म्हणून लिहितोय. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच आली. चहाही घेतला नाही. म्हणाली, "सुहास, ते चंद्रकोरीचं नाणं नेऊ का? मेधा मला देणार होती."

देणार होतीस? मला एका शब्दानं बोलली नाहीस!

मी तुझा नाण्यांचा डबा पुढे केला. म्हटलं, ते सोडून कुठलंही घे. तिनं तुझं भिंग उचललं, तुझ्यासारखाच एक डोळा मिटला आणि नेमकं तेच वेचून काढलं. नखाएवढं, हिरवट पडलेलं. एका बाजूला झिजलेला रोमन सम्राट, दुसऱ्या बाजूला आडवी कोर आणि तिच्या कुशीत तारा. मला ते कायम आपल्याकडच्या वीरगळावरचे चंद्रसूर्य वाटायचे. तू म्हणायचीस, "अरे, तो तारा आहे! आणि हे रोमच्या पूर्वेकडच्या प्रांतातलं, कार्‍हे गावचं आहे. साताऱ्याचं नव्हे."

मला मिळालं ते एवढंच. बाकी सगळं दर शनिवारी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी नव्हे 'कोपी' पीत समोर बसलेल्या त्या बाईला!

"हे मिळणार नाही," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण आतून रेवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, जस्ट गिव्ह हर, लाह!"

स्यू लिन रागावली नाही, हसायलाच लागली. "त्या गावात चंद्र पुरुषदेव होता, ठाऊक आहे? लोक म्हणायचे, चंद्राला बाई मानेल तो बायकोचा गुलाम होईल, पुरुष मानेल तो तिच्यावर राज्य करेल. मेधा म्हणायची, माझा नवरा तर चंद्राला मामा म्हणत मोठा झाला. मामा म्हणजे अंकल ना? तरी, म्हणायची, स्वतःचे मोजे कुठे आहेत ते मलाच विचारतो!"

रेवा खो खो हसली. मलाही हसू आलं, आणि लगेच मनाला फार लागलं. माझ्यावरचा विनोद, मेधा! तो मला सोडून तिला? मी हसलो नसतो का? आजारपणात उशाशी मी बसायचं, आणि हे सगळं तिच्या वाट्याला? असं आणखी किती आहे तिच्याकडे?

मला तिचा हेवा वाटतो. तू असतीस तर हे तोंडातून निघालं नसतं.

नाणं मी दिलं नाही. म्हटलं, पुढच्या शनिवारी ये आणि मेधा आणखी काय काय म्हणायची ते सांग. ती म्हणाली, "एका शनिवारात नाही संपणार, लाह." मी म्हटलं, बरंच झालं.

तुला वचन देतो, नाणं शेवटी तिलाच मिळेल. पण तिच्याकडचं तुझं सगळं ऐकून होईपर्यंत ते माझ्या टेबलावर राहील. आणि तिचं सांगून संपलं, हे मी सहजासहजी कबूल करणार नाही.

तुझा,
सुहास