खोलीतून एकच पेशंट

१४ सप्टेंबर, रविवार
हेड ऑफिसकडून पोस्टर आले. गठ्ठाच. वर एक गोरा माणूस हिरवळीवर धावतोय, खाली लिहिलंय: रोज चाला, भाज्या खा, साखर टाळा. इथे आखातात, जुबैलमध्ये, सकाळी दहालाच बाहेर उभं राहवत नाही आणि हिरवळ म्हणाल तर मशिदीमागचा एक कडुनिंब. पण 'आरोग्य मोहीम' आहे, आणि या लेबर कॅम्पचा एकुलता एक नर्स मी, त्यामुळे ती माझ्याच गळ्यात. सुरुवात सी ब्लॉकपासून. तिथे युगांडाचे सिक्युरिटी गार्ड राहतात. त्यांच्यातला एक पस्तिशीचा गडी गेल्या वर्षी गेटवर उभ्या उभ्या कोसळला. शुगर होती, कुणाला पत्ता नाही, त्यालाही नाही.
पोस्टरवर लक्षणं बारीक अक्षरात होती. मी मार्करने मोठी लिहिली. खूप तहान, सारखी लघवी, थकवा, पायाला मुंग्या. छान दिसतंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार
तपासणी. गार्डांच्या एजन्सीचा सुपरवायझर म्हणाला, सगळ्यांना ड्यूटीवरून सोडता येणार नाही, खोलीतून एकेक माणूस पाठवतो. मोहीम अशी. घ्या.
अकरा नंबरच्या खोलीतून ओकेलो आला. चव्वेचाळीस वर्षांचा, खोलीतला सर्वांत मोठा, दाराला डोकं लागेल इतका उंच. बारा तास गेटवर उभा असतो. शुगर बरीच वर. बीपीपण. विचारलं, चहात साखर किती? त्याने तीन बोटं दाखवली, मग जरा विचार करून चौथं काढलं. म्हणाला, "डॉक्टर, सकाळची न्याहारी तेवढीच असते. ती काढली तर चहा नुसता गरम पाणी." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. तो म्हणाला, आमच्याकडे सुई टोचतो तो डॉक्टर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
जुम्म्यानंतर त्यांच्या खोलीत गेलो. काय खातात ते डोळ्यांनी बघावं म्हणून. या गार्डांना आमच्या मेसचं जेवण नाही, एजन्सीचे लोक ना, आपलं आपण शिजवायचं. पांढऱ्या मक्याचं पीठ दम्मामच्या एका दुकानातून आणतात. उकळत्या पाण्यात घालून लाकडी डावाने घोटतात, त्याला पोशो म्हणतात. आपल्या उकडीच्या मोदकाची उकड घट्ट झाली तर जशी होईल तसं. एकच मोठी परात, पाच माणसं, बरोबर थोडी घेवड्याची उसळ. मलाही बसवलं. पोट तटतटलं.
ओकेलोला सांगितलं, आता खातोस त्याच्या निम्मं खा, उसळ जास्त घे. "ओके डॉक्टर." माणूस ऐकणारा आहे. मला बरं वाटलं.
बायकोचा, शमाचा, गावाहून फोन. तिला सगळं रंगवून सांगितलं. तिचं एकच, "लोकांना निम्मा जेवा सांगताव, आनि तुमी सोता? तुमचा पोट फोनवरपन दिसतंय माका." 

२४ सप्टेंबर, बुधवार
अकरा नंबरमधला काटो क्लिनिकला आला. खोलीत सर्वांत लहान, सव्वीसचा, येऊन दोनच महिने झालेत. दुखत काही नव्हतं. खाली बघत म्हणाला, "डॉक्टर, ओकेलोला पोटभर खायला सांगा."
का रे बाबा?
मग कळलं. त्यांच्या खोलीचा नियम आहे, मोठ्याने परातीतून हात उचलला की जेवण संपलं. मागे कोणी खात बसत नाही. ओकेलो माझं ऐकून निम्म्यात उठतो, म्हणजे बाकीचे चौघे पाच दिवस अर्धपोटी झोपतायत. त्याला कोणी बोललं नाही. मोठा आहे ना.
ओकेलोला बोलावून सांगितलं, वेगळ्या ताटात घे. तो असा बघायला लागला, जणू मी त्याला खोलीबाहेर काढतोय. म्हणाला, "वेगळं ताट आजाऱ्याला देतात. नाहीतर चोराला." संध्याकाळपासून पुन्हा पोटभर सुरू.

२८ सप्टेंबर, रविवार
डॉ. आले. दर रविवारी येतात, कंपनीचे, इजिप्तचे. ओकेलोला गोळ्या लिहिल्या, सकाळ-संध्याकाळ. दोन महिन्यांत शुगर खाली आली तर ठीक, नाहीतर अनफिट. अनफिट म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, खलास, फायनल एक्झिट, विमान. ओकेलो शांत होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट तसंही फेब्रुवारीत संपतंय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
फटफटताना चालायचा कार्यक्रम. मीच काढला, मोठ्या हौसेने. आठ जण आले. कुंपणाच्या कडेने अर्धी फेरी झाली तोच शिट्टी. गेटवर ओकेलोच्याच खोलीतला ओपिओ ड्यूटीला. परवानगीशिवाय घोळक्याने कुंपणाजवळ फिरायचं नाही, असा हुकूम आहे म्हणे. बिचारा इतका ओशाळला होता की मला सलाम करून करून थकला. परतलो.
कॅम्प बॉसकडे गेलो. थॉमस, केरळचा, वाईट माणूस नाही. म्हटलं, परवानगी काढून द्या, आणि गार्डांना मेसमधून निदान भाजी तरी द्या. म्हणाला, "ब्रदर, भाजी का बजेट ऊपर से आता है, परमिशन भी ऊपर से आता है. मेरे पास सिर्फ चाबी है." दुपारी हेड ऑफिसचा माणूस फोटोला आला. गार्डांच्या हातात एकेक सफरचंद दिलं, फोटो काढला, सफरचंदं परत खोक्यात. दुसऱ्या कॅम्पचे फोटो राहिले होते.


१९ ऑक्टोबर, रविवार
ओकेलोची शुगर तसूभर खाली नाही. उलट वर. त्याला झाप झाप झापलं. गोळ्या घेतोस की गेटवर वाळूत पुरतोस? "घेतो डॉक्टर." सकाळी घेतोस? "घेतो." संध्याकाळी? यावर हसला फक्त. आम्ही सांगून दमायचं आणि यांनी हसायचं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
लिहायला बसलोय पण कुठून…
ओकेलोचा बीपी बघायला खोलीत गेलो होतो. पाचही जण होते. जेवण झालं, काटोने चहा केला, आणि ओकेलोने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. कात्रीने कापलेली. एक गोळी स्वतः घेतली, संध्याकाळच्या गोळीचे चार तुकडे करून वाटले, एकेक काटोला, ओपिओला, इतर दोघांना. प्रसाद वाटावा तसे. माझ्यासमोर. लपवायचं आहे असं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.
मी विचारलं, हे काय?
ओपिओ म्हणाला, "आम्हालाही आहे ना. तुमच्या पोस्टरवर लिहिलंय. तहान लागते, थकवा येतो, पायाला मुंग्या येतात."
अरे, या उन्हात बारा तास गेटवर उभं राहून कुणाला तहान लागणार नाही? पाय कुणाचे भरून येणार नाहीत? पण सुपरवायझरने खोलीतून एकच माणूस मागितला होता. मग त्यांनी आपसांत ठरवलं, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट आधी संपतंय तो पेशंट. विमानात बसवलं तरी त्याचं नुकसान कमी. त्याला जे औषध मिळेल ते सगळ्यांचं. पीठ वाटून, उसळ वाटून, गोळ्याही वाटून. आणि मी ओकेलोला झापत होतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार
क्लिनिकचं मीटर खिशात घालून गेलो आणि चौघांची बोटं टोचली. कागदावर काही नाही. ओपिओ आणि इतर दोघे ठणठणीत, गोळ्या उगाच खात होते. त्यांना बंद करायला सांगितलं. हायसं वाटलं.
मग काटो. आकडा बघून मी दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. तोच. ओकेलोपेक्षा किती तरी वर. सव्वीस वर्षं. म्हणाला, रात्रीत पाच-सहा वेळा उठतो, वाटलं एसीमुळे.
त्याला म्हटलं, उद्या डॉ. येतील, चल.  पाचही जणांना आणि मला, सगळ्यांना माहीत आहे. या आकड्याला डॉ. गोळ्या लिहीत नाहीत, सरळ अनफिट लिहितात. येऊन जेमतेम तीन महिने झालेत. दोन धाकट्या बहिणी त्याच्या भरवशावर शाळेत जातात. ओकेलो म्हणाला, "डॉक्टर, माझ्या गोळ्या आम्ही दोघं घेऊ." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
डॉ.ना आडून विचारलं. समजा, एखादा कामगार आहे, वय कमी, शुगर खूप, पण त्याला तपासायला यायचं नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नर्स, जे मी लिहू नये असं तुला वाटतं, ते मला विचारू नकोस. ऐकलं तर मला लिहावं लागेल." बरोबरच आहे त्यांचं. तेही इथे इकाम्यावरच आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळी बाजारात फार्मसीत गेलो. गोळीचं नाव सांगितलं. "वस्फा?" म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्यात आपल्याकडचा हैदराबादी होता, वाटलं काम होईल. तो म्हणाला, भाई, आप तो मेडिकल के आदमी हो, आप को तो मालूम होना चाहिए.
आहे मालूम.

९ नोव्हेंबर, रविवार
ओकेलोला सगळ्या गोळ्या तूच घे म्हणावं तर काटोला काहीच उरत नाही. काटोला दे म्हणावं तर ओकेलो…
आज दोघांनाही सांगितलं, साखर बंद, पोशो कमी, दिवसा भरपूर पाणी. मलाच माझा आवाज पोस्टरसारखा वाटला. ओकेलो समजूत घालतो ती माझीच. म्हणाला, "गावी हेच खायचो. पण शेत लांब होतं, पाणी लांब होतं, सगळं लांब होतं. इथे फक्त घर लांब आहे."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ओकेलोच्या उजव्या पायाचा अंगठा. ड्यूटीच्या बुटाने घासलेलं, दोन आठवडे सांगितलं नाही. दुखतच नव्हतं म्हणाला. दुखत नाही हेच वाईट. कड काळी पडलीय. वास येतोय. ड्रेसिंग केलं. 

१६ नोव्हेंबर, रविवार
डॉ.नी बघताक्षणी दम्मामला हॉस्पिटलमध्ये पाठवलं. मला म्हणाले, दीड महिना गोळ्या घेऊन शुगर अशी कशी? मी म्हटलं, खाण्यावर ताबा नसेल. असं म्हटलं मी. त्याच्यावरच ढकललं. दुसरं काय सांगायचं होतं ते सुचलं, पण त्यात काटो होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अंगठा काढला. कागद आला, अनफिट. थॉमस स्वतः सांगायला गेला, त्याचे डोळे भरले होते. एजन्सी तिकीट लगेच काढतेय, बाकी कामांना त्यांना महिने लागतात.
शमाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "तुमच्या हातात काय व्हता?" तेच तर. काही नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ओकेलो गेला. कुबडी मी क्लिनिकची दिली, परत करू नको म्हटलं. जाताना त्याने उरलेली पट्टी काटोच्या हातात ठेवली, तीही माझ्यासमोर. पाच-सहा दिवस पुरेल. मला म्हणाला, "डॉक्टर, तू चांगलं सांगत होतास." रडू आवरलं नाही मला. गाडी गेटमधून बाहेर गेली तरी मी तिथेच.
खोलीत आता परातीतून हात आधी कुणी उचलायचा, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही म्हणे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
जुम्म्याहून आलो तर क्लिनिकच्या पायरीवर ओपिओ. आंघोळ करून, ठेवणीतला शर्ट घालून. म्हणाला, बोट टोचा. टोचलं. अगदी नॉर्मल. म्हटलं, मुबारक हो, तुला काही झालेलं नाही.
तो खूश झाला नाही. मीटरकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, आता खोलीत त्याचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट सर्वांत आधी संपतंय, मे महिन्यात. काल चौघांनी बसून ठरवलं, आता पेशंट तो.
मी म्हटलं, अरे, पण तुला शुगर नाही. डॉ. कशाच्या जोरावर गोळ्या लिहितील?
"म्हणून आलो," तो म्हणाला. "तुम्ही आम्हाला शिकवलं, काय खाल्लं की शुगर खाली येते. रविवारपर्यंत वर जायला काय खाऊ? फार नको. ओकेलोची होती तेवढीच."
वेडा आहेस का, असं होत नाही, ओरडलो त्याच्यावर. त्याने ऐकून घेतलं, मोठ्यांचं सगळेच ऐकून घेतात. मग म्हणाला, काटोकडे मंगळवारपर्यंतच्या गोळ्या आहेत.
मी त्याला जा म्हटलं. रविवारी येऊ नकोस, असं म्हणायचं होतं. ते म्हटलं नाही.