मी जाते म्हणजे मी येते

ती. बोकसुनताई,

वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत, डोकं मात्र इंग्रजीने बिघडवलंय.

तुला ठाऊकच आहे, ग्यूहो जहाजावर असल्यामुळे त्याची कॅनडाची बायको नोरा सहावा महिना लागल्यापासून इथे टोंगयोंगला माझ्याकडे आहे. सुनेशी दोन शब्द बोलावेत म्हणून या वयात मी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. (पहिल्या बाकावर बसते. ऐकू कमी येतं म्हणून.) ‘कम’ म्हणजे येणे, ‘गो’ म्हणजे जाणे, एवढं घोकलं आणि तिथेच घात झाला.

नोरा खालून हाक मारी, “आई, नाश्ता!” मी वरून ठणकावून सांगे, “आय ॲम गोइंग!” ती खाली, मी वर, मग मी तिच्याकडे जाणारच ना? आपल्या कोरियन भाषेत हाक मारणाऱ्याला ‘जाते’ असंच आपण जन्मभर म्हणत आलो. पण ती बिचारी समजे, सासूबाई रागावून निघाल्या! तीन दिवस तिने सोसलं. चौथ्या दिवशी मी कोबी आणायची पिशवी घेऊन तेच म्हणत उतरले, तर पोरगी ढसाढसा रडली आणि बाळंतपणाला आपल्या आईकडे जायचं तिकीट शोधू लागली. मी तडक ग्यूहोला फोन लावला.

“अगं आई, हाक मारणाऱ्याला इंग्रजीत ‘येते’ म्हणतात. कम!”

“अरे, मी अजून तिथे पोचलेच नाही, तर येऊ कशी?”

“वाद नको. म्हण!”

नोरापुढे उभी राहून सात वेळा “आय ॲम कमिंग” म्हटलं. ती रडता रडता हसली. तिकिटाचं मात्र काही बोलली नाही. असो, आता मी चुकत नाही, हे कळवायलाच हे पत्र.

तुझी धाकटी,
मालसुन

ता. क. बढाई परत घेते. आज मी जेवायला हाक मारली, तर नोरा वरून चक्क आपल्या भाषेत ओरडली, “जाते, आई!” माझ्या हातून रस्सा सांडला. धावत जिना चढले आणि तिची बॅग कवटाळून बसले. ताई, ही पोर मला जायला नकोय गं. ती आपली वही घेऊन पुढे आली. तिने वहीत पाहून आपल्यासारखं अगदी बरोबर म्हटलं होतं. माझेच कान इंग्रजीला फितूर झाले!

पुन्हा ता. क. तिकीट तिने काढलेलंच नाही. बाळंतपण इथेच. तेव्हा बाळंतिणीच्या रश्शासाठी तुमच्या गिजांगचं समुद्रशेवाळ लांबच्या लांब, न मोडता पाठव, बाळंतिणीला मोडलेलं अशुभ. नाही, तूच घेऊन ये. की घेऊन जा? (मला आता काही कळेनासं झालंय. तू फक्त निघ.)