राखाडी स्कूटरच्या शोधात

सोमवार, १० जून
शाळेच्या कोपऱ्यावर आज बेकरीच्या व्हॅनखाली एका पोरीचं दप्तर गेलं. पोरगी थोडक्यात वाचली. आमच्याच मजल्यावरची, पहिलीत आहे. डबा पार चपटा. आमच्या लेकीने हे जेवताना इतक्या शांतपणे सांगितलं की माझाच घास अडकला. लेक चौथीत. बिल्डिंगमधली सगळी मुलं रांग करून चालत शाळेत जातात आणि ही त्या रांगेची पुढारी.
ठरवलं. उद्यापासून रोज सकाळी त्या कोपऱ्यावर मी स्वतः उभा राहणार. विमा कंपनीत आहे, धोका ओळखण्यात हयात गेली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी उठून दाखव.

मंगळवार, ११ जून
उठायला जरा उशीर. काल विचार फार केला, त्याचा शीण. स्कूटर काढून उतारावरून सुसाट गेलो, पण पोचेपर्यंत घंटा झाली होती. मुलं सुखरूप आत.
म्हणजे पहिला दिवस यशस्वी.

शुक्रवार, १४ जून
नारिंगी जाकीट, शिट्टी, 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. आरशात पाहिलं. माणूसच बदलला. बायको म्हणाली, क्षणभर वाटलं गॅसवाला आला.
कोपऱ्यावर एका शिट्टीत दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. काय ते दृश्य. मुलांना सोडायचं तेवढं राहून गेलं. ती फुटपाथवरून माझ्याकडे बघत होती आणि मी गाड्यांकडे. मुख्याध्यापिका बाईंची गाडी पार मागे अडकली होती. त्या उतरून चालत आल्या. आधी पाटीकडे, मग फुटपाथवरच्या मुलांकडे बघत राहिल्या.
भारावल्या असाव्यात.

रविवार, १६ जून
झेब्रा क्रॉसिंग पुसट झालंय. कुणाच्या परवानगीची वाट बघत बसलो असतो तर लेक कॉलेजात गेली असती. पांढरा रंग, ब्रश, कामाला लागलो. पट्टे जरा तिरके गेले. सुरू झाले फुटपाथपाशी, संपले बेकरीच्या काउंटरपाशी.
बेकरीवाल्याने हात मिळवला. लोकांना माझ्या कामाची कदर आहे.

सोमवार, १७ जून
रंग वाळला नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात थेट पाचवीच्या वर्गापर्यंत पांढरी पावलं. निम्मी मुलं क्रॉसिंगवरून सरळ बेकरीत गेली आणि बिस्किटं घेऊन उशिरा वर्गात आली. बाईंनी भेटायला बोलावलंय. सत्कार वगैरे करू नका म्हणून सांगणार आहे.

बुधवार, १९ जून
सत्कार नव्हता. पालकांची मीटिंग होती.
बाई म्हणाल्या, पट्ट्यांचं नंतर बघू, त्याहून गंभीर गोष्ट आहे. हल्ली रोज ऐन शाळेच्या वेळी एक राखाडी स्कूटर उतारावरून भन्नाट वेगाने येते. लहान मुलं घाबरून भिंतीला चिकटतात.
माझं रक्त उसळलं. उभा राहिलो आणि म्हणालो, हा नराधम मी पकडून देतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढा विश्वास कुणावर टाकतात का लोक?

गुरुवार, २० जून
दुर्बीण घेऊन उभा. राखाडी स्कूटर आली नाही. बेकरीवाला म्हणाला, तुम्ही यायच्या जरा आधीच गेली. थोडक्यात हुकला. उद्या लवकर जायचं.

शुक्रवार, २१ जून
परत उशीर झाला, म्हणून स्कूटर जास्तच पळवली. मी पोचलो तेव्हा मुलं भिंतीला पाठ लावून ओळीने उभी. शिस्त बघून समाधान वाटलं. माझ्यामुळेच.
गुन्हेगाराचा पत्ता नाही. मी येण्याआधी जातो, किंवा मला बघून येतच नाही. बायकोला म्हटलं, धाक बसलाय. ती म्हणाली, बसलाय खरा.

रविवार, २३ जून
लेकीने शाळेसाठी चित्र काढलं, 'रस्त्यावरचा धोका'. उतार, स्कूटर, आणि स्कूटरवर नारिंगी जाकीटवाला.
म्हणजे तो हरामखोर माझ्यासारखं जाकीट घालून फिरतोय. बदनामीचा डाव.
बायकोने विचारलं, आपल्या स्कूटरचा रंग कोणता? म्हटलं, चंदेरी, मेटॅलिक. ती म्हणाली, घेतल्यापासून कधी पुसलीस का? या बाईला प्रत्येक ठिकाणी साफसफाईच आठवते.

मंगळवार, २५ जून
ट्रॅफिक हवालदारांना जाऊन भेटलो. सापळा रचायचा. सगळं वर्णन दिलं: राखाडी स्कूटर, नारिंगी जाकीट, अंगाने जरा सुटलेला. बजावून सांगितलं, ओळख सांगेल, थापा मारेल, दयामाया दाखवू नका. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुम्ही स्वतः येणार ना? म्हटलं, सर्वांत आधी.

बुधवार, २६ जून
सर्वांत आधी पोचायचं म्हणून उतारावर ब्रेकला हात लावला नाही.
ती पहिलीतली पोरगी फुटपाथवरून खाली उतरली होती. मला बघून पळाली नाही. रस्त्यातच मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले.
ब्रेक लागला. लागला, एवढंच. चाक आणि तिची चप्पल यांत वीतभर अंतर असेल.
लेकीने तिला उचललं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
हवालदार आले. म्हटलं, तक्रारदार मीच आहे. ते म्हणाले, हो, वर्णनही तुमचंच आहे. स्कूटर घेऊन गेले. मी दिलेल्या सूचना तंतोतंत पाळल्या.
ऑफिसात तीन फॉर्मवर सही चुकली. एसी फार होता.

गुरुवार, २७ जून
गेलो नाही. घसा.

शुक्रवार, २८ जून
घसाच. बायकोने विचारलं, घसा दुखतो तर चेहरा का असा? तिला खरं सांगितलं. डोळे मिटले की ती पोरगी बसलेली दिसते. बायकोने चहा ठेवला.
मग कळलं की दप्तर चिरडलं त्याच दिवशी बायकोने नगरपालिकेत अर्ज दिला होता. उतारावर गतिरोधक मंजूर झालाय. मला का सांगितलं नाहीस म्हटलं. म्हणाली, तू बिझी होतास.

सोमवार, १ जुलै
मुलांच्या रांगेतून चालत यायची परवानगी मागितली. मुलांनी तिथेच मतदान घेतलं. काठावर पास झालो. अटी: शिट्टी नाही, पाटी नाही, जागा सर्वांत शेवटी.
शेवटी ती पहिलीतलीच असते. मी हात पुढे केला. तिने विचार केला आणि माझ्या शर्टाची बाही धरली.
कोपऱ्यावर तिने मला शिकवलं: उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, परत उजवीकडे बघायचं. धोक्याचं मूल्यमापन याहून शास्त्रीय पद्धतीने कसं करतात हे मी सांगायला घेतलं. ती म्हणाली, रस्त्यात बोलायचं नसतं, काका.
गप्प बसलो. पलीकडे पोचलो.
तिथे तिने बाही सोडली आणि सांगितलं, उद्या वेळेवर या, आम्ही कोणासाठी थांबत नाही.