थिनरला निघणारं विमान

३ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
आजपासून ही वही. लवकरच मला कुठेतरी साक्ष द्यावी लागणार, तेव्हा तारखा लिहिलेल्या बऱ्या. वही कुणालाही दाखवायची नाही. हिलाही नाही.
प्रकरण असं. आमची लाँड्री. सासऱ्यांच्या काळापासून हवाई तळाचे कपडे आमच्याकडेच धुवायला येतात. महिनाअखेर कंत्राट संपतंय, ते पुढे चालू राहील का, एवढंच सध्या हिच्या डोक्यात. मला त्याहून मोठं दिसलंय. काल तळावरून मेकॅनिकांचे कामाचे अंगभर कपडे, म्हणजे डांगऱ्या, आल्या. पाच डांगऱ्यांवर चंदेरी डाग. वीस वर्षं डाग ओळखतोय मी. चहा, शाई, रक्त, ग्रीस, लिपस्टिक (हा ओळखून गप्प बसायचं असतं). हा डाग ओळखीचा नाही. म्हणजे एकच. तळावर गुप्त विमान आहे.

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून गच्चीवरून तळावर नजर ठेवायची. आज पाच-चाळीसला उठलो, पण पहिला दिवस धरायचा नसतो. धुकं होतं. अर्धा तास बघितलं, काहीही दिसलं नाही. अशी विमानं न दिसण्यासाठीच बनवतात, त्यामुळे शंका बळावली.
खाली आलो तर ही म्हणाली, उठलाच आहात तर बॉयलर पेटवा. पेटवला. आपल्यावर कुणाला संशय येऊ द्यायचा नाही.

७ फेब्रुवारी
डागाची चाचणी घेतली. साबण: ढिम्म. सोडा: ढिम्म. रॉकेल: किंचित. थिनर: साफ निघाला.
म्हणजे शत्रूच्या रडारला चकवणारा लेप थिनरच्या एका बोळ्याने जातो. अत्यंत गंभीर बाब. वर कळवलं पाहिजे. वर म्हणजे कुणाला, ते बघावं लागेल.
एक डांगरी न धुता मागे ठेवली. पुरावा क्रमांक एक. लोक विसरून गेलेले कोट ज्या कपाटात आहेत, तिथे मागच्या बाजूला.

९ फेब्रुवारी
दाढीला गेलो आणि न्हाव्याला विश्वासात घेतलं. शपथ घातली. तोंडाला फेस असल्यामुळे फार बोलता आलं नाही, फक्त विमान काळं आहे, त्रिकोणी आहे आणि आवाज करत नाही, एवढंच. काळं आणि त्रिकोणी हा माझा अंदाज. डाग चंदेरी आहेत हे खरं, पण गुप्त विमान चंदेरी ठेवून कसं चालेल?

१२ फेब्रुवारी
पुष्टी मिळाली. औषधांच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला गेलो. दुकानदाराने आपणहून, आवाज खाली आणून सांगितलं. तळावर काळं, त्रिकोणी, बिनआवाजाचं विमान आहे. लांबी दोनशे फूट. दोनशे फूट हे मलाही माहीत नव्हतं. कुठून कळलं विचारलं, तर नाव सांगेना. इतकंच म्हणाला की माणूस खात्रीचा आहे, रोज वीसेक लोकांची डोकी त्याच्या हाताखालून जातात. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. शिकलेली माणसंसुद्धा आता बोलायला लागली आहेत.

१५ फेब्रुवारी, पहाटे ५.०५
हल्ली गजराच्या आधी जाग येते. गच्ची. विमान शून्य, कबुतरं तीन. बॉयलर. सात वाजता गाठोडी बांधून तयार.
तळाच्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, अलीकडे तुमचा माल वेळेआधीच मिळतो. माझ्या वेळांवर त्याची नजर आहे तर. मीही सहज विचारल्यासारखं केलं, हँगरमध्ये सध्या काय चाललंय? म्हणाला, रंगकाम. आणि हसला. असल्या थापा मारायचं त्यांना रीतसर ट्रेनिंग असतं.

१८ फेब्रुवारी
पुरावा क्रमांक एक गायब. कपाटाचं कुलूप शाबूत, एकही कोट हललेला नाही. सराईत हाताचं काम. हिला विचारलं, कुणी अनोळखी माणूस येऊन गेला का? ही म्हणाली, दुकान आहे, अनोळखीच येतात. आपल्या घराभोवती काय चाललंय याचा हिला पत्ता नाही. काळजी करत बसेल म्हणून विषय वाढवला नाही.
एक डांगरी कमी भरली म्हणून तळावरून फोन आला होता म्हणे. हिने तो मिटवला. कसा, ते विचारायचं राहिलं.

२१ फेब्रुवारी
आज न्हाव्यानेच मला सांगितलं. लांबी चारशे फूट, आत पायलट नसतो, आणि ते डोक्यावरून गेलं की घड्याळं मागे पडतात. माझं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं मागे! हे त्याला मीच सांगितलं होतं की काय, अशी शंका आली, पण नाही, त्याला औषधवाल्याकडून कळलंय. म्हणजे मी धरून तीन स्वतंत्र साक्षीदार झाले.

२४ फेब्रुवारी
परवा तळावरून पत्र आलं. शुक्रवारी अधिकारी भेटीला येणार. ही म्हणते, कंत्राटाचं बघायला. बिचारी. कंत्राटासाठी कारकून येतो. अधिकारी येतोय तो माझ्यासाठी. अटक किंवा नेमणूक. दोन्हीला चालेल अशी बॅग भरली: दोन शर्ट, टूथब्रश, टाय.
ही तीन दिवस दुकान घासतेय. काल फरशी पुसता पुसता म्हणाली, कंत्राट गेलं तर बाबांचं दुकान उन्हाळ्याच्या आत बंद करावं लागेल. माझ्याकडे न बघता म्हणाली. मला फार वाईट वाटलं. नेमणूक झाली की सगळं भरून काढीन.

२८ फेब्रुवारी, रात्री ८
अधिकारी म्हणून आल्या त्या एक बाई. बॉयलर पाहिला, रजिस्टर पाहिलं. मी टाय लावून त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की मला सगळं माहीत आहे. डाग, लेप, थिनर, त्रिकोण, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.
मग त्या बोलल्या. भंगारात काढलेलं एक मालवाहू विमान आहे. शोभेसाठी तळाच्या फाटकाशी खांबावर बसवायचंय, म्हणून त्याला चंदेरी रंग मारतायत. थिनरने निघतो कारण तो रंग आहे. आवाज करत नाही हे मात्र बरोबर, कारण इंजिन काढून अकरा वर्षं झाली.
एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. गावभर उठलेली आवई तळावर पोचली होती. आतली माहिती लाँड्रीतून फुटते असा संशय होता आणि कंत्राट रद्द करायचं जवळजवळ ठरलं होतं. टाय सैल करायचंही सुचेना.
ही इस्त्री ठेवून पुढे आली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून काही फुटलं असतं, तर त्यातलं एखादं तरी खरं निघालं असतं."
बाई आधी ओठ दाबून उभ्या होत्या, मग खो खो हसल्या. महिनाभर एकही गाठोडं उशिरा आलं नाही, असं म्हणत त्यांनी सही केली. कंत्राट हिच्या नावावर. तळाच्या कपड्यांना मी हात लावायचा नाही, अशी अट पेनाने वाढवली.
त्या गेल्यावर हिला विचारलं, तुला माहीत होतं? हो. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला डाग कसला ते विचारलं होतं. आणि ती कपाटातली डांगरी? धुऊन पाठवली. मग मला का नाही सांगितलं?
"लग्नाला एकोणीस वर्षं झाली," ही म्हणाली. "पहिल्यांदाच तुम्ही रोज पाचला उठत होतात. मी कशाला सांगते?"

१ मार्च, सकाळी ८.३५
आत्ता उठलो. बॉयलर पेटलेला आहे. हिने पेटवला.
गजराचं घड्याळ माझ्या उशाशी नव्हतं. हिने ते स्वतःच्या बाजूला नेऊन ठेवलंय. गजर अजून पाचचाच आहे.