लुगड्याची पट्टी आणि तपासणीच्या मॅडम

आई,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून हाताला लिहायची सवय नाही. पण चार दिवस झाले, घास गोड लागत नाही. कुणाशी बोलावं ते कळेना, म्हणून तुला लिहितोय.

तुझा नातू कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो आणि त्याची बायको राजारामपुरीत पाळणाघर चालवते. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. आईबाप दोघं नोकरीला, घरात म्हातारं माणूस नाही, मग सकाळी पोर आमच्याकडं सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. चौदा पोरं आहेत. मी दिवसभर तिथंच असतो. सून मला मामा म्हणते, पोरं आबा म्हणतात. माझं काम विशेष काही नाही. चपला जोडीनं लावायच्या, फाटकाची कडी बघायची, गॅसचं बटण बघायचं, आणि परत जाऊन कडी बघायची. सून म्हणते, "मामा, कडी काय पळून जातीया व्हय?" मी म्हणतो, कडी कशाला पळंल, पळणारी चौदा हायत की.

सुनेनं सरकारी नोंदणीसाठी अर्ज केलाय. नोंदणी नसेल तर पोरं काढून घेऊ, असं दोघा-तिघा पालकांनी तिला तोंडावर सांगितलेलं. नोंदणीआधी ऑफिसातल्या मॅडम येऊन तपासणी करतात. काय काय बघतात त्याची छापील यादी सुनेनं आणली होती. मी ती बोट ठेवून ठेवून वाचली. विजेच्या बटणांना झाकणं, औषधं उंचावर, आग विझवायचा लाल सिलिंडर, प्रत्येक पोराचा वेगळा टॉवेल, आणीबाणीला बाहेर पडायची वाट मोकळी. त्या काळजीनं मला पंधरा दिवस झोप नाही. टॉवेल तर मी इतक्या वेळा मोजले की मावशी म्हणाल्या, "आबा, आता टावेलच तुमास्नी मोजत्याल." मावशी म्हणजे आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाई.

त्या पोरांत एक सव्वा वर्षाची पोरगी आहे. नुकती चालायला लागली आहे. बाकीची पोरं उठली की रडतात, ही गुपचूप उठते आणि दाराकडं निघते. मागच्या महिन्यात दुपारी माझा जरा डोळा लागला. उघडून बघतो तर पोरगी मोरीत, दोन्ही हात बादलीच्या काठावर, आत वाकून पाण्याशी बोलतेय. काही झालं नाही. मी तिला उचलून आणलं आणि कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून दुपारी डोळा लागायची मला भीती बसली.

मग मला तू आठवलीस. शाहूपुरीतली ती शेंगांची वखार, तुम्ही बायका रांगेनं शेंगा निवडताय, आणि माझा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तुझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेला. मी जरा सरकलो की तुला कळायचं. शेजारची बाई टोमणा मारायची, "पोरगं दावणीला बांधलंस काय गं?" तू मान वर न करता म्हणायचीस, "त्येला कुठं बांधलंय? त्येनंच मला बांधून ठेवलंय." ट्रंकेत तुझं एक लुगडं होतं. त्याची मी मऊ पट्टी फाडली. दुपारी सगळी पोरं झोपली की त्या पोरीच्या पायात सैल गाठ मारायची, दुसरं टोक माझ्या अंगठ्याला. ती उठायच्या आत सोडायची. सून त्या वेळी स्वयंपाकघरात असते, मावशी जेवायला घरी जातात. तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता, आणि मला त्या वेळात बरं वाटायचं.

मंगळवारी मॅडम न सांगता आल्या, नेमक्या झोपेच्या वेळी. सून त्यांना घेऊन आत आली. मी जागा होतो, पण उठता येईना. गाठ सोडायला वाकलो, तोवर त्या पुढ्यात आल्या.

"बसा आजोबा, उठू नका," मॅडम म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "हे काय बांधलंय?"

"मॅडम, पोरगी निसटतीया," मी म्हणालो. "तिला न्हाय बांधलं. मीच बांधून घेतलंय."

तुझंच बोलणं मी त्यांच्यापुढं ठेवलं, आई. मला वाटलं, त्या हसतील. त्या खाली बसल्या, पोरीला जाग येऊ न देता गाठ सोडली आणि हळू आवाजात विचारलं, "आजोबा, आग लागली तर? नाहीतर तुम्हालाच चक्कर आली तर? ही पोरगी जाईल कुठं?"

मी अंगठ्यावरची पट्टी काढली. मॅडम सुनेकडं वळल्या. "यांना मुलांजवळ बसू देऊ नका, असं मला लिहावं लागेल."

सुनेच्या हातात भाताचा चमचा होता. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "मॅडम, मीच सांगितलं हुतं मामास्नी बांधायला. त्येंची काय चूक न्हाय."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. "संचालिकेच्या सांगण्यावरून मुलीला बांधून ठेवले." खाली सुनेची सही घेतली. त्या सोमवारी परत येणार आहेत, मगच नोंदणीचं ठरेल. जाताना म्हणाल्या, खोलीला अर्धं दार बसवा, पोरांना ओलांडता येणार नाही एवढं. आणि मी, तुझा मुलगा, मान खाली घालून पट्टीची घडी करत बसलो.

त्या दिवसापासून मला वखारीतलाच एक दिवस आठवतोय. मागची पोत्यांची थप्पी कलली आणि बायका ओरडत बाहेर पळाल्या. तू वाकून गाठ सोडतेयस. मी घाबरून पाय ओढतोय, तशी गाठ आणखी आवळतेय. शेवटी तू पट्टी दातानं तोडलीस, मला काखेत मारलंस, आणि आपण दारात पोचलो तेव्हा मागं पोती कोसळली. ही गोष्ट मी जन्मभर कौतुकानं सांगत आलो, की माझ्या आईनं मला दातानं सोडवलं. पण कशातनं सोडवलं, ते कधी मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पाय पुढं केला, तर तू पायावर चापट मारलीस. "आता बांधणार न्हाय. माझ्या म्होरं बसायचं." आणि आपलं सूप घेऊन तू दारातच बसलीस, धुळीत. दिवाणजी खेकसले, "वाटंत कशाला बसलीयास गं?" तू म्हणालीस, "पोरगं भाईर जातंय म्हणून. तुमी या की, मी पाय आकडते." दिवसभर जो येईल त्याला तू पाय आखडून वाट द्यायचीस.

हा दुसरा दिवस मी कुणाला कधी सांगितला नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. तू एका रात्रीत सोडून दिलेली गोष्ट मी म्हातारपणी उचलली, आणि वर तुझ्या नावावर खपवली. मॅडमनी विचारलं ते तुला त्यांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

काल सुतार येऊन अर्धं दार बसवून गेला. दुपारी सुनेनं नेहमीसारखा चहा दिला, साखर कमी टाकून. सोमवारी मॅडमना खरं सांगायला हवं, आणि त्याआधी सुनेला बादलीचंही सांगायला हवं. सांगितलं तर मला कदाचित त्या खोलीत बसता येणार नाही. न सांगितलं तर कागदावर तिची चूक राहील, आणि पोरं तिच्या हातनं जातील.

खरं सांगू आई, हे पत्र मी सुनेलाच लिहायला बसलो होतो. दोनदा सुरुवात केली, दोन्ही कागद फाडले. तुझ्या नावानं सुरू केल्यावर लिहून झालं. तिनं नुकतंच विचारलं, "मामा, काय लिवताय एवढं?" मी म्हणालो, काय न्हाय. ती पलीकडं मेथी निवडत बसली आहे. चार पावलं आहेत. मी अजून उठलेलो नाही.