हिरव्या रेडिओचा वास

शनिवार, २ ऑगस्ट २०२५, सकाळी ६.४०. ट्रुगानिना.
ताईच्या गॅरेजमध्ये गरम पाण्याचं फडकं रेडिओवर चोळून वास घेत होतो. अस्सल बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, तापलं की फॉर्मलिनसारखा वास येतो. बाराव्या वेळी आला. बहुतेक.
रंग हिरवा, साल १९३८. जुन्या सामानाच्या मार्केटवाल्याने साडेनऊशे डॉलर घेतले आणि साधा पुसूनही दिला नाही. ओंगळ माणूस.
पैसे ताईने इलेक्ट्रिशियनच्या कोर्ससाठी दिलेले. फी शुक्रवारी पाचपर्यंत भरायची. त्याआधी रेडिओ अठराशेला विकणार. आधीचा कोर्स अर्धवट सुटला, म्हणून या वेळी सगळं नीट ठरवलंय.

रविवार, ३ ऑगस्ट.
किचनमध्ये झुरळं. एक भाजणीच्या डब्यात, मिशा हलवत. शिसारी आली. ताईला म्हटलं, भांडी रात्रीच घासत जा. ती म्हणाली, कालपर्यंत या घरात एक झुरळ नव्हतं, तू काय उचलून आणलंयस ते बघ. लोकांना स्वतःची घाण दिसत नाही. यापुढे गॅरेजमध्येच जेवणार.
रेडिओच्या आत बारीक काळे दाणे आहेत. काढले नाहीत. जुन्या वस्तू जमवणाऱ्या कलेक्टरला ओरिजिनल कंडिशन लागते.

मंगळवार, ५ ऑगस्ट.
आर्वोला, म्हणजे दुपारी, प्रताप भावोजी झुरळांचा स्प्रे घेऊन गॅरेजमध्ये आले आणि कोपरान् कोपरा मारून गेले. जाताना म्हणाले, चालू दे तुझं आकाशवाणी केंद्र. फी भरलीस ना, हेही विचारलं. प्रोसेसमध्ये आहे म्हटलं.

बुधवार, ६ ऑगस्ट.
वास आला. फडकं न लावताच. डोळ्यांत पाणी आलं इतका. अस्सल. जाहिरातीत भाव दोन हजार केला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट, दुपारी ३.१०.
बॅलरॅटहून डेस नावाचा म्हातारा कलेक्टर आला. हिरव्या कडेवर अंगठा घासून हुंगला. म्हणाला, मेट, हा बग स्प्रे आहे. वरचा डबा हल्लीच्या रेझिनचा, आतली यंत्रं जुनी. मागचं झाकण काढलं. झुरळांचं अख्खं खानदान उताणं.
ताई दारातच होती. मला वाटलं, ओरडेल. तिने फक्त विचारलं, पाचपर्यंतच ना? आणि फोन काढला. भावोजींना मी सांगत नाही, म्हणाली, तूही सांगू नकोस.

खर्च: रेडिओ ९५०. पॉलिश ३१.५०.
जमा: २०. डेसने दोन बटणं नेली, तेवढीच अस्सल निघाली.
देणं: ताई ९५०. ताई, पुन्हा ९५०. भावोजींचा स्प्रे ११.
भाजणी, एक डबा. तिने मागितली नाही, तरी लिहिली.